राखीव खेळाडूची आई

मुलगी भरतनाट्यम शिकते असे सांगितले की समोरच्या बाईंचा चेहरा खुलतो. बुद्धिबळ खेळते म्हटले की कौतुक दिसते. मुलगी मल्लखांब करते म्हटले की मात्र आधी क्षणभर शांतता आणि मग ठरलेले तीन प्रश्न : ‘अगंबाई, पडली तर?’, ‘उंची खुंटत नाही ना?’ आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, ‘अंगावर वळ उठत असतील, पुढे लग्नाच्या वेळी...?’ गेली पाच वर्षे मी या तिन्ही प्रश्नांना उत्तरे देत आले आहे आणि आता ती पाठ झाली आहेत. पडू नये म्हणून खाली जाड गाद्या असतात. उंची आईवडिलांवर जाते. आणि वळांना खोबरेल तेल लावायचे असते. लग्नाचे म्हणाल, तर ती अजून तेरा वर्षांची आहे!

पण अशा मुलीच्या आईला रात्री जागे ठेवणारे प्रश्न वेगळेच असतात. ते कुणी विचारत नाही. त्यांतल्याच एका प्रश्नाने मला काशीला, संकठा घाटाच्या पायऱ्यांवर गाठले.

आधी थोडे या खेळाविषयी. मल्लखांब तीन प्रकारचा : जमिनीत पुरलेला, साखळीने टांगलेला आणि दोरीचा. पुरलेला खांब सागवानी किंवा शिसवी, वर निमुळता होत गेलेला. त्याचे अंग, मान आणि बोंड असे भाग. त्यावर एरंडेलाचा हात फिरवलेला असतो. मुली आता खांबावरही दिसतात, तरी पूर्वापार त्यांचा म्हणून मानला गेलेला प्रकार दोरीचा. या दोरीच्या जागी पूर्वी वेत असे. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोरी आली. पाच-साडेपाच मीटर उंचीवरून लोंबणाऱ्या या दोरीला कुठेही गाठ मारायची नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात ती पकडायची, कमरेला, मांडीला, दंडाला लपेटत वर जायचे, तिथे पद्मासन लावायचे, उलटे व्हायचे आणि हात सोडायचे. हे सारे दीड मिनिटात. ते ‘हात सोडायचे’ येते ना, तिथे मी पाच वर्षांनंतरही श्वास रोखते. माझ्या शेजारी बसलेल्या बायाही रोखतात. ओळीने बसलेल्या आठ-दहा आया एकदम गप्प झाल्या की समजावे, वर कुणीतरी हात सोडला आहे.

माझी एक मामेबहीण न्यू जर्सीला असते. तिची मुलगी तिकडे चिअरलीडिंगच्या स्पर्धांत उतरते. हे प्रथम ऐकले तेव्हा आमच्या मावशीने कपाळाला हात लावला होता, कारण २००८ साली आयपीएल सुरू झाल्यापासून चिअरलीडर म्हटले की आपल्याला सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुलीच आठवतात. बहिणीने पाठवलेल्या चित्रफिती पाहिल्यावर मावशी म्हणाली, ‘अगं, हा तर आपला मनोराच की!’ खरेच आहे. अडीच मिनिटांचा संच, कोलांट्या, उड्या, खाली तिघी-चौघी घट्ट उभ्या आणि एकीला वर फेकून झेलायचे. गंमत म्हणजे १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात ज्याने हा प्रकार सुरू केला असे मानतात, तो मुलगा होता. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली.

आम्हा दोघी बहिणींचे रविवारचे फोन ऐकले तर कुणाला वाटेल, एकाच वर्गातल्या दोन मुली बोलताहेत. अंबाडा घट्ट बसण्यासाठी किती पिना लागतात, स्पर्धेच्या दिवशी नेमकी पाळी आली तर काय करायचे, सरांनी रागावले म्हणून मुलगी जेवली नाही तर आपण जेवावे की नाही! फरक एवढाच, की ती वर्षाला काही हजार डॉलर मोजते आणि आमच्या वर्गाची फी महिन्याच्या भाजीच्या खर्चाहून कमी आहे. गेल्या वर्षी तिची मुलगी एकदम तीन इंच वाढली. वर उडणारी होती ती खाली उभी राहणारी झाली. ‘तिने ते आठ दिवसांत स्वीकारलं,’ बहीण म्हणाली, ‘मी अजून नाही.’

आमच्याकडे वाढ झाली ती वेगळ्या रीतीने. लेक उंच झाली, दोरीवर पाय ताणले की देखणी दिसू लागली, पण हातांत तेवढी ताकद यायला वेळ लागत होता. संघनिवडीत तिचे नाव आले ते शेवटी, कंसात ‘राखीव’ लिहून.

राखीव खेळाडू सगळ्यांइतकाच सराव करतो. पहाटे साडेपाचला उठतो, तोच पोशाख शिवतो, तोच प्रवास करतो. मग स्पर्धेच्या दिवशी अंबाडा घालून, अंग गरम करून, जाकीट चढवून बाकावर बसतो. त्याच्या आईने काय करावे? टाळ्या वाजवाव्यात. मी वाजवत होते. पण टाळ्या वाजवतानाही मनात एक हिशेब चालू असतोच. आपली मुलगी वर जायची तर दुसऱ्या कुणाची तरी खाली राहायला हवी. हा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही, पण बाकावरच्या प्रत्येक आईला तो येतो. हल्ली सर्वच खेळांत हे असते, पण क्रिकेटमधला बारावा खेळाडू निदान पाणी घेऊन मैदानात तरी जातो.

गेल्या हिवाळ्यात वाराणसीच्या एका स्पर्धेसाठी संघ निघाला. सरांना सोबतीला दोन बायका हव्या होत्या. एक मी, दुसरी, आमच्या लेकीच्या जिवलग मैत्रिणीची आई. ही मैत्रीण संघातली सर्वांत भरवशाची मुलगी. महानगरी एक्सप्रेसचा एक दिवस आणि वर काही तासांचा प्रवास, डब्यात मुलींचा धुडगूस, मेथीचे ठेपले, आणि त्या मैत्रिणीच्या उजव्या मनगटावर क्रेप बँडेज. ‘जरा लचकलंय,’ तिची आई म्हणाली. सर आले की ते बँडेज दिसत नसे, हे माझ्या लक्षात आले होते.

काशीला मल्लखांबाची स्पर्धा म्हणजे एका परीने माहेरपणच. परंपरा अशी सांगते, की दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल आव्हान घेऊन आले. ते बाळंभटदादा देवधर या तरुणाने स्वीकारले, मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली आणि लाकडी खांबावर कुस्तीचे डाव घोटून परत येऊन गुलाबला चीत केले. पुढे पेशवाई बुडाली, १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले आणि बाळंभटदादा व त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडे घातले, असे मल्लखांबाच्या इतिहासात सांगितले जाते. सरांनी ही गोष्ट मुलींना गाडीत इतक्या रंगून सांगितली, की शेजारच्या बाकावरचे एक उत्तर प्रदेशी आजोबा मराठीचा गंध नसतानाही शेवटी ‘वाह!’ म्हणाले.

आमचा मुक्काम ब्रह्मा घाटाजवळच्या एका धर्मशाळेत होता. हा भाग जुन्या मराठी वस्तीचा. रात्री एका लांब खोलीत गाद्या घालून आम्ही सगळ्या ओळीने झोपलो. दिवा मालवल्यावर लेक माझ्या कानाशी आली. ‘आई, कुणाला सांगू नकोस हं. तिला पाण्याची बाटली उघडता येत नाहीये. जेवताना पोळी डाव्या हाताने तोडत होती. सरांना कळलं तर काढतील म्हणून रडत होती.’ एवढे सांगून ती पाच मिनिटांत झोपली. मी नाही.

वाचकांपैकी ज्यांची मुले असे अंगमेहनतीचे खेळ खेळतात त्यांच्यासाठी सांगते. दहा ते चौदा या वयात मनगटाजवळच्या हाडाचे टोक अजून कूर्चेचे, वाढते असते. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांत तिथे इजा होते हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. दुखणे अंगावर काढले तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. शिवाय दोरीवरून हात सुटला तर प्रश्न मनगटापुरता राहत नाही. न्यू जर्सीच्या बहिणीने मला मागे सांगितले होते, की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये चिअरलीडिंगला रीतसर खेळाचा दर्जा द्या अशी शिफारस केली, ती याचसाठी. खेळ म्हटले की शिकलेला प्रशिक्षक, वैद्यकीय देखरेख आणि नियम आले. ‘नाहीतर सगळं पोरींच्या सोसण्यावर जातं,’ ती म्हणाली होती.

मग सरांना उठवून सांगायचे? सांगणारी कोण, तर राखीव मुलीची आई! मैत्रीण बाहेर पडली तर जिला जागा मिळणार, तिचीच आई! रात्रभर मी हे वाक्य मनात वेगवेगळ्या तऱ्हांनी जुळवून पाहिले. कसेही म्हटले तरी ते जागा बळकावल्यासारखेच ऐकू येई.

सकाळी शुक्रवार होता. मैत्रिणीच्या आईने संकठेला नारळ बोलला होता. शुक्रवार हा या देवीचा खास वार. मुली सरांबरोबर नाश्त्याला गेल्या आणि आम्ही दोघी घाटाघाटाने निघालो. हिवाळ्यात पाणी उतरलेले, पायऱ्या मोकळ्या. पंचगंगा, राम घाट, गणेश घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा किल्ल्यासारखा दगडी भोसले घाट. मुंबईची माणसे आम्ही, नावे वाचतच चाललो होतो. संकठा घाटाशी पोचलो तेव्हा पलीकडे सिंधिया घाटाजवळचे ते पाण्यात कललेले देऊळ धुक्यातून दिसू लागले होते, आणि त्याच्याही पलीकडे मणिकर्णिकेचा धूर.

देवीचे देऊळ घाटाच्या वर, गल्लीत आहे. चढताना आमचे मराठी ऐकून एक वृद्ध बाई थांबल्या. नऊवारी नव्हे, साधी पाचवारीच. पण कुंकू आपल्याकडचे. ‘मुंबईच्या का?’ त्यांची मराठी ऐकायला गोड होती, मधेच हिंदीचे वळण घेणारी. कशाला आलात विचारले, आम्ही सांगितले. ‘मलखम?’ त्या हसल्या. ‘आमच्या लहानपणी मुलगे करायचे आखाड्यात. आम्ही गच्चीवरून बघायचो. मुलींनी खाली जायचं नाही.’ मला तुलसी घाटावरचा आखाडा आठवला. तिथे २०१७ च्या नागपंचमीला मुली प्रथमच कुस्तीला उतरल्या होत्या. मी त्यांना ते सांगितले. त्यांना ते माहीत होते. त्यांची नात मोबाईलवर दाखवून गेली होती. मग त्यांनी सरळ विचारले, ‘तुमच्या दोघींच्या मुली आज वर चढणार?’

‘हिची चढणार,’ मी म्हटले. ‘माझी राखीव आहे.’

‘राखीव म्हणजे?’

ते समजावून सांगणे भाग पडले. कुणी आजारी पडले, कुणाला लागले, तर. मी बोलत होते आणि मैत्रिणीची आई देवळाच्या दाराकडे पाहत होती. ‘अच्छा,’ त्या बाई म्हणाल्या, ‘म्हणजे बसून राहणार बिचारी,’ आणि काठी टेकत गल्लीत वळल्या.

देवळात गर्दी होती. नारळ, चुनरी, घंटांचा आवाज. शेजारची बाई डोळे मिटून भराभर काही पुटपुटत होती. मी हात जोडले आणि काय मागावे ते सुचेना. लेकीला संधी मिळू दे म्हणावे, तर ती मिळायचा रस्ता शेजारणीच्या मुलीच्या मनगटावरून जात होता. मनगट बरे कर म्हणावे, तर ते एका रात्रीत बरे होणार नाही, हे मला ठाऊक होते. संकटे निवारणारी देवी. पण यातले संकट कुणाचे, तेच ठरत नव्हते. मी नुसताच नमस्कार केला आणि बाहेर आले.

खाली पायऱ्यांवर बसल्यावर मी बोलले.

‘ताई, एक सांगू? रागावू नका. लेकीचं मनगट सरांना दाखवा. काल रात्री तिला बाटली उघडता येत नव्हती.’

ती प्रसाद रुमालात बांधत होती. हात थांबले नाहीत. ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘मुलीमुलींत बोलणं झालं.’

‘आणि ती नाही गेली, तर वर तुमचीच जाणार ना?’

‘हो.’ दुसरे काय म्हणणार? खरेच होते ते. ‘म्हणूनच मी सरांकडे गेले नाही. तुमच्याकडे आले. माझ्या तोंडून ऐकलं तर त्याचा अर्थ वेगळा होईल. तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा.’

ती बराच वेळ गप्प होती. एक नाव गेली, दुसरी गेली. मग म्हणाली, ‘दोन वर्षं माझीही राखीव बसली होती हो. तेव्हा कुणाचंच मनगट दुखलं नाही.’ आणि उठून चालू लागली. ब्रह्मा घाटापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

तिने सरांना सांगितले. काय सांगितले ते मला माहीत नाही. दहा वाजता सरांनी मुलीला बाजूला घेतले, आपली दोन बोटे तिच्या मुठीत दिली आणि ‘दाब’ म्हणाले. मग दुसऱ्या हाताने. मग दोरीला नुसते लटकायला सांगितले. ती लटकली, पण चेहऱ्यावर सगळे लिहिलेले होते. सरांनी तिला उतरवले, पाठीवर थोपटले आणि आमच्या लेकीकडे वळून म्हणाले, ‘तयार हो.’

या क्षणाची मी किती महिने वाट पाहिली होती! आणि आला तो असा. लेक उठली ती सरांकडे गेली नाही, आधी माझ्याकडे आली. ‘तू सांगितलंस ना? मी फक्त तुला सांगितलं होतं.’ डोळे लाल. मी म्हटले, ‘हो, मी तिच्या आईला सांगितलं. पुन्हा असं झालं तर पुन्हा सांगेन.’ तेरा वर्षांच्या मुलींच्या गुपितांना मी मान देते. कपाटाला कुलूप असावे, वहीवर ‘खासगी’ लिहिलेले असावे, सारे मान्य. पण सोसण्याचे गुपित पाच मीटर वर नेण्याइतके खासगी असू शकत नाही. हे तिला तेव्हा पटले नाही. आजही पूर्ण पटले आहे, असे मला वाटत नाही.

ती वर गेली. रडून हलका झालेला नव्हे, चिडलेला चेहरा. सुरुवात घाईची झाली, एक लपेट सैल बसली. खाली गादी धरायला संघातल्या मुली उभ्या होत्या, त्यांत ती मैत्रीणही होती, मनगट छातीशी धरून. दोरीच्या मध्यावर लेकीचे पाय ढिले पडले आणि खालून आवाज आला, ‘पंजे ताण! पंजे!’ रोजच्या सरावातला तोच खडा आवाज. लेकीचे पंजे आपोआप ताणले गेले. पद्मासन छान बसले. हात सोडायची जागा आली, तिने सोडले. शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या आईने माझ्याबरोबरच श्वास रोखला. तो रोखल्याचे मला ऐकू आले. उतरताना एक पाऊल पुढे गेले. गुण बरे मिळाले, फार नाहीत. संघ पहिल्या तिघांत आला नाही. मनगट धड असते तर कदाचित आला असता, हे कुणी म्हटले नाही आणि सगळ्यांना माहीत होते.

परतीच्या गाडीत दोघी मुली प्रथम दोन टोकांच्या बर्थवर होत्या. सतना गेले, तरी तसेच. जबलपूरनंतर केव्हातरी मी डोळे उघडले तर दोघी वरच्या एकाच बर्थवर पाय लोंबकळत बसल्या होत्या आणि एकीने फोडलेल्या चिवड्याच्या पुडीतून दुसरी डाव्या हाताने खात होती. काय बोलणे झाले, कुणी आधी बोलले, मला कळले नाही. विचारलेही नाही. आम्हा आयांना तितके सोपे गेले नाही. भुसावळला मी दोन चहा घेतले, एक तिच्यापुढे केला. तिने घेतला, पैसे द्यायला पाकीट काढले. मी नको म्हटले. तिने दहाची नोट सीटवर ठेवली. ती नोट नाशिक येईपर्यंत आमच्या दोघींच्या मधे पडून होती.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिचा मोबाईलवर संदेश आला. शब्द एकही नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीचे नुसते छायाचित्र. मनगटाला आधारपट्टी आणि सहा आठवडे दोरी बंद. मी उत्तरादाखल काय लिहावे याचा बराच विचार केला आणि शेवटी विचारले, सकाळच्या सरावाला तिला सोडायला येणे तिला जमत नसेल, तर मी दोघींना एकदम घेऊन जाऊ का? मनगट दुखत असले तरी पायांचा आणि पोटाचा व्यायाम सुरू ठेवायला सरांनी सांगितले होते. दुपारी उत्तर आले, ‘५.४० ला खाली उभी राहील.’

अजूनही रोज ५.४० ला ती खाली उभी असते. सहा आठवडे संपले, ती पुन्हा दोरीवर आली. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. जागा एकच मोकळी आहे आणि फळ्यावर लावलेल्या यादीत तिच्यासमोर दोघींचीही नावे आहेत.